ययातीची हाव आणि पुरूचे दान

सरकारी नोकराचे वय त्याच्या सेवापुस्तकात लिहिलेले असते. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख चुकली, तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. पण प्रयत्नाअंती ती दुरुस्त होते. शरीर मात्र आपल्या वयाची एक स्वतंत्र नोंद ठेवीत असते आणि ती कोणाच्याही अर्जाने बदलत नाही. ही नोंद रक्तात असते. अधिक नेमके सांगावयाचे, तर ज्या मूलपेशींपासून रक्त तयार होते, त्यांच्या गुणसूत्रांच्या टोकांशी ती असते. गेल्या साठ वर्षांत ही नोंद वाचावयास विज्ञान शिकले. आता प्रश्न उरला आहे तो या वाचनाचा उपयोग कोणासाठी करावयाचा, हा. चिरतारुण्य विकत घेऊ पाहणाऱ्या धनिकांसाठी, की रक्ताच्या दुर्धर विकाराने खंगत चाललेल्या गरीब मुलांसाठी? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळा देणार नाही. ते समाजाने द्यावयाचे आहे.

आपल्या अंगातील रक्त जन्मभर तेच असते, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. वस्तुतः ते नदीसारखे आहे. पात्र तेच, पाणी मात्र नवे. रक्तातील तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. जुन्या पेशी मरतात, त्यांची जागा भरून काढण्यासाठी प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज अंदाजे २०,००० कोटी नव्या तांबड्या पेशी तयार होतात. या प्रचंड कारखान्याचे मूळ भांडवल मात्र अगदी थोडे आहे. हाडांच्या पोकळीतील मज्जेत ज्या खऱ्या अर्थाने मूलपेशी म्हणाव्यात अशा पेशींपैकी रक्तनिर्मितीत भाग घेणाऱ्यांची संख्या ५० हजार ते २ लाख इतकीच असावी, असा अंदाज केंब्रिज येथील संशोधकांनी २०१८ साली मांडला. अशा पेशी असतात, हे प्रथम प्रयोगाने दाखवून दिले ते टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकक्युलॉक यांनी, १९६१ साली आणि त्यापुढील दोन वर्षांत.

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर, वर्धा जिल्ह्यातील जाम येथे ज्यांनी कधी बस बदलली असेल, त्यांना या पेशींचा कारभार समजावयास कठीण जाऊ नये. नागपूरकडून आलेली वाहने तेथे वाटा बदलतात. काही सरळ हिंगणघाटकडे जातात, तर काही वरोरा-चंद्रपूरचा रस्ता धरतात. मूलपेशीचे विभाजन झाले, की तिच्या संततीपुढे असाच फाटा येतो. एक वाट तांबड्या पेशींची, दुसरी रोगांशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींची, तिसरी रक्त गोठविणाऱ्या बिंबिकांची. काही पेशी मात्र कोणत्याच वाटेने न जाता मूलपेशी म्हणूनच मागे राहतात. हे मागे राहणे फार महत्त्वाचे. बियाणेच खाऊन टाकले, तर पुढल्या मृगाला पेरावयाचे काय, हे विदर्भातील जुन्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

परंतु बियाणे राखून ठेवले, तरी तेही जुने होते. हातमागावर लुगडे विणणारा विणकर कापडाच्या शेवटी काही सूत मोकळे सोडतो. या दशा आहेत तोवर आतील वीण सुरक्षित असते. प्रत्येक धुण्यागणिक त्या थोड्या थोड्या झिजतात. गुणसूत्राच्या टोकाशी असाच एक निरर्थक भासणारा भाग असतो. त्याला टेलोमिअर म्हणतात. डीएनएची सहा अक्षरे पुन्हा पुन्हा लिहून तो बनलेला असतो. पेशी विभागताना गुणसूत्राची जी नक्कल होते, ती अगदी शेवटच्या टोकापर्यंत पुरी होत नाही आणि म्हणून दर पिढीला हे टोक किंचित आखूड होते. पेशी अमर नसतात, ठरावीक वेळा विभागून त्या थांबतात, असे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखविले होते. त्याचे कारण या अपुऱ्या नकलेत असावे, हा तर्क १९७१ साली मॉस्कोच्या अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह यांनी केला. पुढे १९८४ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर यांना ही झीज भरून काढणारे टेलोमरेज नावाचे विकर सापडले. या दोघी आणि जॅक शोस्टाक यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच क्षेत्रातील कार्याबद्दल.

रक्ताच्या मूलपेशींत हे विकर असते. मग त्यांची टोके झिजावयास नकोत, असे कोणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटत होते. परंतु १९९४ साली होमायून वझिरी, पीटर लान्सडॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाच्या यकृतातील, नवजात अर्भकाच्या नाळेतील आणि प्रौढांच्या मज्जेतील मूलपेशी शेजारी शेजारी ठेवून मोजल्या, तेव्हा प्रौढांच्या पेशींतील टेलोमिअर निश्चितपणे आखूड भरले. विकर असूनही झीज चालूच राहते. ते ती मंद करते, थांबवीत नाही. जन्माच्या वेळी सुमारे १० हजार अक्षरांचे असलेले हे टोक बालपणी वेगाने आणि पुढे दरवर्षी काही दशके अक्षरांनी कमी होत जाते. रक्ताला वय असते, हे विधान त्या दिवसापासून कविकल्पना राहिले नाही.

या वयाचा शेवट कसा होतो? हेंड्रिक्ये फान आंदेल-शिपर या डच महिलेचे २००५ साली वयाच्या ११५ व्या वर्षी निधन झाले. त्यांनी आपले शरीर संशोधनासाठी दिले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की अखेरच्या काळात त्यांच्या पांढऱ्या पेशींपैकी बहुतेक केवळ दोन मूलपेशींच्या संततीतून आल्या होत्या आणि त्यांच्या रक्तपेशींतील टेलोमिअर अतिशय आखूड झाले होते. एवढ्या मोठ्या कारखान्यात अखेर दोनच कामगार उरले, असे म्हणावयास हरकत नाही. ही केवळ अपवादात्मक दीर्घायुष्याची कथा नव्हे. २०२२ साली केंब्रिजच्याच संशोधकांनी दाखविले, की साधारणपणे पासष्टीच्या आतील माणसाचे रक्त असंख्य मूलपेशींच्या समान सहकार्यातून बनते, तर पंचाहत्तरीनंतर मूठभर पेशींचे वंश त्यातील फार मोठा वाटा बळकावून बसतात. लोकशाही जाऊन घराणेशाही यावी, तसे हे आहे. ज्या पेशींत काही विशिष्ट दोष निर्माण झाले, त्याच जोमाने वाढतात आणि त्यामुळे रक्ताच्या कर्करोगाचा, तसेच हृदयविकाराचाही धोका वाढतो.

येथपर्यंत वाचणाऱ्याच्या मनात एक मोह उभा राहणे स्वाभाविक आहे. झिजलेली टोके पुन्हा लांब करता येणार नाहीत काय? या मोहाचा बाजार केव्हाच मांडला गेला आहे. टेलोमिअरची लांबी मोजून 'खरे वय' सांगणाऱ्या चाचण्या, ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या, तारुण्य परत आणणारी मूलपेशींची सुई, असा सर्व माल आज विकावयास आहे. तरुणांच्या रक्तातील द्रव वृद्धांच्या अंगात भरण्याचा धंदाही अमेरिकेत निघाला होता. अशा उपचाराचा लाभ सिद्ध झालेला नाही, असा इशारा तेथील औषध प्रशासनाला २०१९ साली द्यावा लागला. निसर्गाने ही टोके झिजू दिली, त्यात त्याचा काही हिशेब आहे, हे या व्यापाऱ्यांनी सोयीस्करपणे विसरावयाचे ठरविलेले दिसते. बहुसंख्य कर्करोगांच्या पेशी टेलोमरेज पुन्हा जागे करूनच अमर होतात. ज्यांना जन्मतः फार लांब टेलोमिअर लाभले, अशा काही कुटुंबांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घ तारुण्याऐवजी गाठी, कर्करोग आणि रक्तातील दोषयुक्त वंशांची वाढ आढळून आली. टोक अति आखूड असणे हा रोग, तसेच अति लांब असणे हाही धोकाच.

याचा अर्थ या दिशेने प्रामाणिक संशोधन होऊ नये, असा मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेले काम २०१८ साली प्रसिद्ध झाले. मज्जेत मूलपेशींच्या शेजारी राहून त्यांना आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. या शेजारणी तरुण असतील, तर त्यांनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या द्वारे म्हाताऱ्या मूलपेशींची शक्ती बऱ्याच अंशी परत येते, असे या प्रयोगांतून दिसले. पेशीचे वय तिच्या एकटीचे नसते, ते तिच्या शेजाराचेही असते, हा या कामातील बोध विलक्षण आहे. परंतु उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर मोठे असते आणि ते जाहिरातीच्या एका उडीत कापता येत नाही.

आता पुन्हा जामकडे वळू. टोरांटो, केंब्रिज आणि पुणे येथील या विद्येचा समुद्रपूर तालुक्यातील गावाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. मध्य भारतातील लोकांच्या रक्तातील सिकलसेल दोषाची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. तेव्हापासून विदर्भातील आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर कष्टकरी समाजांत हा आनुवंशिक विकार किती खोल रुजला आहे, याचे पुरावे वाढतच गेले. या रोगात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. १२० दिवस जगावयाची पेशी येथे १० ते २० दिवसांतच मरते. साहजिकच मज्जेतील मूलपेशींना कैक पटींनी अधिक राबावे लागते. ज्या वयात मुलाने खेळावे, त्या वयात त्याची मज्जा विश्रांतीवाचून मजुरी करीत असते. जामसारख्या गावातील अशा मुलाच्या दृष्टीने रक्ताच्या मूलपेशी हा कुतूहलाचा नव्हे, जगण्यामरण्याचा विषय आहे.

कारण या रोगातून मूळापासून सुटण्याचा मार्ग मूलपेशींतूनच जातो. निरोगी माणसाच्या मूलपेशी रोग्याच्या मज्जेत रुजल्या, तर नवे रक्त निरोगी येते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणतात ते हेच. भारतात पहिले यशस्वी प्रत्यारोपण डॉ. सुरेश अडवाणी यांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली केले. सिकलसेलमध्ये सख्ख्या भावंडाची जुळणारी मज्जा मिळाली, तर दहांपैकी नऊ रुग्ण रोगमुक्त होऊन जगतात, असा जगभरातील सुमारे एक हजार रुग्णांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला अनुभव आहे. रुग्णाचे वय जितके लहान, तितके यश अधिक, हेही त्याच अभ्यासात स्पष्ट झाले. दोषयुक्त जनुक रुग्णाच्याच मूलपेशीत दुरुस्त करण्याच्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ साली मान्यता दिली खरी. पण अमेरिकेतील त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे.

मग अडचण कोठे आहे? ती साध्या गणितात आहे आणि गणिताच्या शिक्षकांनी ती वर्गात अवश्य मांडावी. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक. आईबाप दोघेही दोषवाहक असतील, तर ते भावंड स्वतः रोगमुक्त असण्याची शक्यता चारांत तीन. म्हणजे जुळणारे आणि देता येण्याजोगे भावंड असण्याची शक्यता सोळांत तीन. दोन अपत्यांच्या कुटुंबात उरलेल्या तेरांनी कोणाच्या दारी जावे? त्यांच्यासाठी परक्या दात्याचाच आधार. जगभरच्या नोंदणी संस्थांत आज ४ कोटींहून अधिक दाते आहेत. साडेआठ कोटींच्या आतबाहेर लोकसंख्या असलेल्या एकट्या जर्मनीत सुमारे १ कोटी लोकांनी नाव नोंदविले आहे. १४० कोटींच्या भारतात हा आकडा काही लाखांच्या घरात अडकून पडला आहे. पेशींची जुळणी वंशपरंपरेशी निगडित असल्याने विदर्भातील मुलाला बर्लिनमधील दात्याची मज्जा जुळण्याचा संभव थोडाच. त्याचा दाता मिळाला, तर तो बहुधा येथेच, त्याच्याच मातीत मिळेल.

आणि येथेच रक्ताच्या वयाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. अमेरिकेत परक्या दात्यांच्या मज्जेने झालेल्या सुमारे ७ हजार प्रत्यारोपणांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. दाता १८ ते ३० वर्षांचा असेल, तर पाच वर्षांनंतर १०० पैकी ३३ रुग्ण हयात होते. ३१ ते ४५ वर्षांचा असेल, तर २९. आणि त्याहून मोठा असेल, तर २५. आजचे यश त्याहून बरेच पुढे गेले आहे. परंतु तरुण दाता अधिक चांगला, हा निष्कर्ष टिकून आहे आणि नोंदणी संस्था आज तरुणांनाच प्राधान्य देतात. तेव्हा महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाडांत एक अशी ठेव आहे, की जिची मुदत हळूहळू संपत चालली आहे. ती वेळीच नोंदविली नाही, तर ती कोणाच्याच कामी न येता जुनी होईल.

पोथीत ययातीची कथा आहे. भोगाने न धालेल्या या राजाने मुलांपुढे हात पसरला आणि धाकट्या पुरूने आपले तारुण्य देऊन बापाचे म्हातारपण पत्करले. आजचे चिरतारुण्याचे ग्राहक हे ययातीचेच वारस आहेत. परंतु पुरूला जे सोसावे लागले, ते आजच्या दात्याला सोसावे लागत नाही. नोंदणीसाठी गालाच्या आतील बाजूचा नमुना पुरतो. प्रत्यक्ष दानाची वेळ आलीच, तर बहुतेकदा चार-पाच दिवस इंजेक्शने घेऊन मूलपेशी रक्तात उतरवितात आणि यंत्राच्या साहाय्याने वेगळ्या करून घेतात. दात्याला काही दिवस अंगदुखी होते. काही आठवड्यांत त्याची उणीव भरून येते. तारुण्य न गमावता तारुण्य देण्याची ही सोय पुराणकारांनाही सुचली नव्हती.

नाळेतील रक्ताचीही गोष्ट अशीच. सर्वांत लांब टेलोमिअर असलेल्या मूलपेशी तेथे मिळतात आणि १९८८ साली पॅरिसमध्ये अशा रक्ताने पहिले प्रत्यारोपणही झाले. परंतु आपल्याकडे या शोधाचा उपयोग प्रसूतीच्या वेळी भांबावलेल्या आईबापांना हजारो रुपयांची खासगी 'विम्याची' पेढी विकण्यासाठी अधिक झाला. ज्या बालकाला जन्मतःच आनुवंशिक रक्तदोष आहे, त्याच्या नाळेतही तोच दोष असतो. तेव्हा त्याचे रक्त त्याच्याच उपयोगाचे नाही. निरोगी बालकाला ते लागण्याचा संभव नगण्य आहे. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःपुरत्या अशा साठवणीची शिफारस केलेली नाही. घरात आधीच रुग्ण असलेले भावंड असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी हे रक्त सार्वजनिक पेढीत गेले, तरच ते कोणाचा तरी जीव वाचवील.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळता कामा नये. जेथे साधी तपासणी आणि नियमित गोळ्या पोचविणे जिकिरीचे होते, तेथे प्रत्यारोपणासारख्या महागड्या उपचारांची भाषा हा चैनीचा प्रकार नव्हे काय? केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचे उद्दिष्ट ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे आहे. तपासणी, विवाहपूर्व सल्ला आणि हायड्रॉक्सियुरियाची गोळी यांचा क्रम पहिला, यात वाद नाही. पण आज ज्या मुलाला रोग झालेलाच आहे, त्याला पुढच्या पिढीच्या आकडेवारीने दिलासा मिळत नाही. शिवाय ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत. ज्या दिवशी मुलाचे निदान होते, त्याच दिवशी भावंडांची जुळणी सरकारी खर्चाने तपासली, तर उपचाराचे वय हातचे जाणार नाही. पैसा उभा करता येतो, हे थॅलॅसेमियाच्या मुलांना प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देणाऱ्या कोल इंडियाच्या २०१७ च्या योजनेने दाखविले आहे. चंद्रपूरचा कोळसा ज्या रस्त्यांनी बाहेर जातो, त्या रस्त्यांवरील गावांना असे साहाय्य मागण्याचा अधिकार नाही काय?

राहिला प्रश्न लोकांच्या मनाचा. भारतात रक्त विकत मिळत असे, तो काळ फार दूरचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आदेश दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत बंद झाली. रक्त मिळणारच नाही, अशी भीती तेव्हा अनेकांनी घातली होती. आज महाविद्यालयांतून रक्तदानाची शिबिरे हा वार्षिक कार्यक्रम झाला आहे. त्याच शिबिरात दात्याच्या संमतीने मूलपेशींसाठीही नाव नोंदविणे, ही एकच पायरी पुढची आहे. गांधीजन्मशताब्दीच्या १९६९ या वर्षी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्धा जिल्ह्यात या दोन्ही परंपरा नांदत आहेत. त्यांनी हातात हात घातला, तर हा जिल्हा साऱ्या महाराष्ट्राला वाट दाखवू शकेल. मात्र नाव नोंदवून ऐन वेळी माघार घेणे हे न नोंदविण्यापेक्षा अधिक क्रूर आहे, हेही विद्यार्थ्यांना समजावून सांगितले पाहिजे; कारण तोवर रुग्णाची आशा आणि काही वेळा त्याची जुनी मज्जाही नष्ट केलेली असते.

विज्ञानाने आपल्याला दोन गोष्टी सांगितल्या आहेत. रक्ताला वय असते, ही पहिली. आणि ते तरुण असताना दुसऱ्याला देता येते, ही दुसरी. पहिली गोष्ट ऐकून जो घाबरतो, तो गोळ्या विकणाऱ्याच्या दुकानात शिरतो. दुसरी ज्याला उमगते, तो नोंदवहीत आपले नाव लिहितो. टोके झिजावयाची ती झिजतीलच. परंतु तत्पूर्वी त्या रक्ताचा काही अंश एखाद्या अनोळखी मुलाच्या हाडांत रुजला, तर ते रक्त वाया गेले, असे कोणालाही म्हणता येणार नाही.